विंगेतली खुर्ची

आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे आणि तो मोडला तर मॅडम कुणाचीही गय करत नाहीत. माणसं मृत्यूनंतर मेंदू दान करतात, तो आमच्याकडे येतो. मी त्याचे कागदाहून पातळ काप काढते, रंगवते, काचेवर बसवते. मॅडम ते सूक्ष्मदर्शकातून बघून निकाल देतात. तोवर तो माणूस कसा होता, शेवटी त्याला काय आठवत होतं, हे आम्हाला कळू द्यायचं नाही. ते ठाऊक असतं फक्त नर्सबाईंना, कारण दरवर्षी घरी जाऊन नाव नोंदवलेल्या दात्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा त्याच घेतात. निकाल लागेपर्यंत त्या समोर चहा पीत बसतात आणि तोंड उघडत नाहीत. इतक्या बोलक्या बाईला याहून मोठी शिक्षा नसेल.

त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं, कारण घरी आईने हाय खाल्ली होती. आई नाटक कंपनीत प्रॉम्प्टर आहे. मांडीवर संहिता घेऊन विंगेत बसायचं आणि नट अडकला की प्रेक्षकांना ऐकू जाणार नाही अशा बेताने पुढचा शब्द द्यायचा. हौसेने ती एका संशोधनात सामील झाली. स्मरणशक्तीच्या परीक्षेत पैकीच्या पैकी, पण स्कॅनमध्ये मेंदूत अल्झायमरचे डाग दिसले. झालं. चष्मा सापडेना की "बघ, सुरू झालं." दूध उतू गेलं की "बघ." दूध तर मी लहान असल्यापासून उतू जातंय. शेवटी तिने कंपनीला कळवून टाकलं, आजच्या प्रयोगापासून मी बसणार नाही. दादा म्हणाला, "बरं झालं, उगीच चारचौघांत फजिती नको." मला इतका संताप आला की मी भरल्या ताटावरून उठले.

तर अशा घुश्शात तयार केलेल्या त्या काचा. मॅडमनी पहिली लावली आणि म्हणाल्या, "बापरे." मीही बघितलं. पेशींच्या बाहेर तपकिरी डागांचा सडा, आत टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुंतवळ्या.

"काय वाटतं?" मॅडमनी विचारलं.

"शेवटी पोटच्या पोरांनाही ओळखत नसणार."

मॅडमनी मान डोलावली आणि निकाल दिला. अल्झायमर, बराच पुढे गेलेला.

नर्सबाईंनी कप खाली ठेवला. "बोलू आता? या आजींनी शेवटच्या परीक्षेत माझीच चूक काढली. मी एक प्रश्न दोनदा विचारला होता. वर मलाच म्हणाल्या, बाई, झोप नीट होते ना तुमची?"

मॅडम सावकाश माझ्याकडे वळल्या. "काचांचा ट्रे अदलाबदल नाही ना झाला?"

भांडणाच्या नादात मी काहीही केलं असतं. दोघींनी मिळून ज्यातून काप काढतात त्या मेणाच्या मूळ ठोकळ्यावरचा क्रमांक ताडून पाहिला, पुन्हा काप काढले, रंगवायच्या मशीनमध्ये घातले आणि दुपारभर मी त्या मशीनभोवती घिरट्या घातल्या. काचा आल्या. तेच डाग, त्याच गुंतवळ्या. चूक नव्हती!

मग मॅडमनी वेगळा रंग दिलेली काच लावली. पेशी एकमेकींना जिथे जोडलेल्या असतात, तेवढ्याच जागा त्यात रंगतात. मॅडम बराच वेळ मान वर करेनात.

"ये, बघ," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चक्क कापत होता. "डाग कित्येक वर्षं आधीच साचायला लागतात. पण माणूस किती विसरतो, ते डागांपेक्षा गुंतवळ्यांशी जास्त जुळतं आणि सगळ्यात जास्त या जोडण्या तुटण्याशी. हिच्या शाबूत आहेत. एवढं सगळं साचूनही."

"पण का?"

"ते कळलं तर मी तुला खांद्यावर घेऊन नाचेन."

मॅडम! ज्या वाढदिवसालाही हसत नाहीत! मी तशीच, अंगातला पांढरा कोट न काढता, घरी पळत सुटले.

आई खिडकीशी बसली होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं, अर्धं उलटंसुलटं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मला होणार नाही?"

"असं नाही म्हणत मी. होईलही. पण डाग दिसले म्हणजे माणूस विसरला असं नाही. आम्ही नुसते डाग बघून त्या आजींना मोडीत काढलं. तू तर स्वतःलाच काढतेयस."

"संहिता हातात असते गं, पण नजर नटावर ठेवायची असते. तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे ओळखावं लागतं. थांबलेल्याला शब्द दिला तर अख्खा प्रवेश मातीत जातो. तिथे चुकले तर?"

"तर उद्यापासून मीच तुला घराबाहेर पडू देणार नाही. आज चल."

तिने माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे, आणि चप्पल शोधायला लागली. ती पायातच होती. आम्ही दोघी इतक्या हसलो की दादा आतून बघायला आला.

नाट्यगृहाच्या विंगेत तिच्या जागी बसवलेल्या मुलीने आईला पाहिलं आणि सुटले एकदाची म्हणत खुर्ची सोडली. मी आईच्या मागे उभी राहिले. पहिला अंक सुरळीत गेला. दुसऱ्या अंकात मुख्य नट खुर्चीची पाठ धरून बोलायला लागला आणि मध्येच गप्प झाला.

नाट्यगृहात कुणीतरी खोकलं. तो गप्पच. मी आईकडे पाहिलं. बोट ओळीवर, तोंड बंद. हिला सुचत नाहीये. हिला मीच ओढून आणलं. मी खाली वाकले, ओळ वाचली आणि बोलायला तोंड उघडलं.

आईने न बघता माझ्या तोंडावर हात ठेवला.

नटाने मान वर केली आणि ते वाक्य अगदी हलक्या आवाजात म्हटलं. टाळ्यांनी नाट्यगृह दणाणून गेलं.

"थांबला होता," पान उलटत आई कुजबुजली. "विसरला नव्हता."

सबंध संध्याकाळ मी तिला जे पटवत होते, ते ऐन वेळी मीच विसरले होते.