बाटलीविना दृष्टी

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. निसर्गबाबाने एका म्हाताऱ्याच्या पापणीआड मधाचं बोट फिरवलं, जरा थांबून डोळा चोळला आणि चिमट्याने पांढरा, बुळबुळीत मणी बाहेर काढला.

"हा पाहा मोतीबिंदू! ना बाटली, ना प्लॅस्टिक, ना सुई. डोळाही खूश, धरतीही खूश!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईच्या शेजारणीने कळवलं म्हणून धावत आलेली नर्स पहिल्या रांगेपाशी पोचली. तिथे ताई बसली होती.

"ताई, तुझे डोळ्यांचे थेंब?"

"सोडले की. पाच महिने झाले. बाबांनी दोनदा डोळ्यांतला मळ काढला. कसं हलकं वाटतंय!"

नर्स नेत्र-ओपीडीत बारा वर्षं काम करत होती. ताईला मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता. तो दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने कुरतडत नेतो. रोजचे थेंब हाच त्याला बांध.

तिने बाबाच्या हातातला मणी निरखला. मण्याच्या पोटात काळा ठिपका! मग मधाची वाटीच उचलली आणि पाण्याच्या ग्लासात उपडी केली.

"अश्रद्धेने पाणीही नासतं!" बाबा गरजला.

पाणी नासलं नाही. थोड्याच वेळात त्यात पांढरे मणी तरंगू लागले.

"सब्जाचं बी आहे हे," नर्स म्हणाली. "मधातून डोळ्यात जातं, अश्रूंत भिजून फुगतं."

गर्दी ग्लासाभोवती जमली, तोवर बाबा मागच्या दाराने पसार झाला होता.

दुसऱ्या दिवशी ताईची तपासणी झाली. उजवा डोळा गेला होता. डाव्याला नळीतून दिसावं एवढंच उरलं होतं. "गेलेलं परत येत नाही," डॉक्टर म्हणाले. "उरलेलं सांभाळू."

ताई हळूच म्हणाली, "तूच म्हणायचीस ना गं, एकेका पेशंटमागे थेंबांची अर्धी बाटली फेकताना जीव तुटतो? वाटलं, माझ्या बाटल्यांचा तरी ढीग कमी होईल."

नर्सला हुंदका आवरेना. बाटलीचं टोक डोळ्याला न लावता ओपीडीतल्या सगळ्यांना एकच बाटली दिवसभर कशी पुरवायची, पेशंटच्या नुसत्या चौकशीसाठीच्या खेपा फोनवर कशा वाचवायच्या, यासाठी ती झटत होती. ते सगळं तिने ताईला कौतुकाने सांगितलं होतं. औषध मात्र सोडायचं नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं.

आता दर सोमवारी ती ओपीडीत सांगते, "कचरा कमी करायचं आमच्यावर सोडा. तुम्ही थेंब सोडू नका."

मग ताई भिंत चाचपत उभी राहते.

"डोळ्यातून कुणी काही काढून दाखवलं, तर ते आत कुणी घातलं, हे आधी विचारा," ती म्हणते. "मी विचारलं नाही."