बारा हातांवरचे मामंजी

सकाळीच सासूबाईंचं आणि मामंजींचं भांडण जुंपलं, आणि दोघांच्या मध्ये होता बारा हातांचा वाटाण्याच्या शेताचा तुकडा. त्यामुळं भांडण घरातलं असूनही साऱ्या शिवाराला ऐकू जात होतं.

"आमटीत मीठ नाही," मामंजी आंब्याखालून म्हणाले.

"मीठ आहे. तुमच्या जिभेवर नसेल," सासूबाई झोपडीच्या दारातून.

"मग चिमूटभर आणून दे."

"कशी देऊ? गोफणीनं मारू?"

पलीकडच्या बांधावर मोहरी कापणाऱ्या बायांना आमची मराठी कळत नव्हती, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

तो प्लेगचा दुसरा फाल्गुन. काशीत घराघरांत उंदीर पडत होते. दूधविनायकाची आमची गल्ली ओस पडायला लागली तशी सासूबाई, मी आणि माझा अकरा महिन्यांचा ढुंढू वरुणा नदीपलीकडं आलो आणि रामखेलावन मुखियाच्या शेतात झोपडी टाकून राहिलो. घरातले 'हे' इंदूरला शिकवायला होते. मामंजी तेवढे शहरात राहिले. अहिल्याबाई घाटावर यात्रेकरूंचे विधी सांगायला बसायची त्यांची छत्री. यात्रेकरू येवो न येवो, छत्री सोडायची नाही, असं त्यांचं म्हणणं. मग एके दिवशी त्यांच्या उशाशीच उंदीर मरून पडला, तेव्हा छत्री मिटून, पंचांग बगलेत मारून तेही आले.

पण गावाचा कायदा आधीच ठरलेला होता. शहरातून येईल त्यानं दहा दिवस अलग राहायचं. आंब्याभोवती मुखियानं नांगराचं तास, म्हणजे खोल चर, मारून दिलं होतं. त्याच्या आत बसायचं. मागं बाभळीचं कुंपण, पुढं वाटाणा. आत बसलेल्यानं तास ओलांडलं किंवा तो कुणाला शिवला, तर त्याच दिवशी त्याच्या साऱ्या घरादारानं झोपडी उचलायची. मुखिया तोंडानं गोड होता, पण बोलेल तसं करायचा. आमच्या आधी आलेल्या एका कुटुंबाला त्यानं चूल विझायची वाट बघू दिली नव्हती. आम्हाला हलवलं असतं तर आम्ही कुठं जाणार? परत त्या गल्लीत, रांगतं पोर घेऊन. रात्री मला डोळ्यासमोर तेच दिसायचं.

मामंजींना मात्र ते पटत नव्हतं. "जन्मभर सोवळं पाळलं मी. मला हे कोइरी शेतकरी शिकवणार, कुणाला शिवायचं नि कुणाला नाही?"

सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही पाळलंत ते सोवळं. हे ओवळं आहे. याचं शास्त्र आम्हाला विचारा."

आणि ते खरंच होतं. महिन्याचे तीन दिवस कोपऱ्यात बसण्यात आम्हा बायकांचा जन्म गेला. कावळा शिवला की कसं बसायचं, पाणी कसं मागायचं, आपली सावली कुठं पडते ते कसं बघायचं, सगळं अंगवळणी पडलेलं. मामंजींना त्यातलं काही येत नव्हतं. लोटा सरळ हातात द्यायला यायचे.

"खाली ठेवा. ठेवलात? आता मागं सरा. आणखी. मी वरून ओतेन. मी गेले की उचला."

"हा काय जाच आहे?"

"आहेच. पण बसून बसून सवय होते."

अंगाखालची घोंगडी टोचते म्हणून मामंजींनी दोनदा झटकली आणि पुन्हा तिच्यावरच बसले.

मी वाईजवळच्या खेड्यातली. काशीला सून होऊन आले तेव्हापासून "खेडवळ ती खेडवळच" हे ऐकत होते. पण इथं आल्यावर माझा भाव वधारला. सासूबाईंना वाटाण्याची शेंग भरली की पोचट ते कळायचं नाही. मी मुखियाच्या सुनांबरोबर शेंगा तोडायची, त्या बदल्यात पाटीभर शेंगा नि दूध मिळायचं. पछुवा, म्हणजे पश्चिमेचा वारा, सुटला की सगळ्या शिवाराची धूळ उठून भाकरीत यायची. खाली माती भेगाळत चाललेली, वर आंब्याला मोहोर. सासूबाई कधी नव्हे ते म्हणाल्या, "बकुळ, तू होतीस म्हणून निभावलं हो." मी ते शेंगांबरोबर ओच्यात घालून ठेवलं.

दिवस मोजायला मी दारात तुरीच्या काड्या रोवायची. रोज उजाडलं की एक. मुखिया सुतळीला गाठी मारायचा. आठ काड्या झाल्या, तिकडं आठ गाठी झाल्या. त्या दिवशी एकादशी होती, मामंजींनी कडक उपास केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मामंजी बोचकं बांधून तासाच्या काठाशी उभे.

"आज द्वादशी. पारणं घरात करणार. दहा दिवस झाले."

"नऊच झालेत," सासूबाई म्हणाल्या. "काड्या मोजा."

"काड्यांना काय कळतं? तृतीयेला बसलो. मध्ये सप्तमीचा क्षय, ती षष्ठीच्याच दिवशी उरकली. तृतीया, चतुर्थी, पंचमी, षष्ठी, सप्तमी…" बोटांवर मोजत ते द्वादशीपर्यंत आले आणि दहावं बोट वर केलं. "झाल्या दहा."

"सप्तमी उगवली कधी नि मावळली कधी, आम्ही बघितलीच नाही."

"तू झोपली होतीस."

"उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग. एक दिवस बसवत नाही?"

गलका ऐकून मुखिया आला, बरोबर दोन भाऊ काठ्या घेऊन. त्यानं सुतळी दाखवली. "पंडितजी, नौ गाँठ हैं. हम सूरज गिनते हैं."

"हमारा पत्रा देखो. शास्त्र से दस हुए. मैं शुद्ध हूँ," मामंजींनी पंचांग पुढं केलं.

"लकीर लाँघिएगा तो झोपड़ी उठेगी," मुखिया शांतपणे म्हणाला. "और हम कुछ न कहेंगे."

मी जवळच्या विहिरीवर होते. घागर भरलेली, हातात दोर. सासूबाई मुखियाकडं वळून गयावया करत होत्या आणि मामंजी पंचांग उघडून पान दाखवत होते. म्हणजे ढुंढूकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. तो वाटाण्याच्या वेलांमधून रांगत थेट आजोबांकडं निघाला होता. नऊ दिवस आजोबा त्याला लांबूनच दिसत होते.

मी दोर टाकून धावले. माझ्या पायांखाली ढेकळं, त्याच्या पुढं तास. तास म्हणजे त्याला गंमतच. चरात उतरला, पलीकडं चढला आणि "आजा" असं काहीसं बोलून हात पसरले.

मामंजींनी बघितलं. पंचांग हातातून पडलं. मागं कुंपण. दोन्ही बाजूंना तास. ते ओलांडावं तर झोपडी जाणार, उभं राहावं तर पोर मांडीला बिलगणार. आणि छप्पन्न वर्षांचा, अडीच मणांचा तो माणूस कासोटा खोचून आंब्यावर चढला. कसा चढला ते त्यांनाही पुढं कधी सांगता आलं नाही. मी पोराला घोंगडीच्या हातभर अलीकडं उचललं, तेव्हा मामंजी दुसऱ्या फांदीवर होते आणि धोतराचा एक सोगा खाली लोंबत होता.

हललेल्या फांदीचा मोहोर खाली झडत होता.

"छुआ?" मुखियानं विचारलं.

"नाहीं छुआ," बांधावरच्या बाया एका सुरात म्हणाल्या.

मुखियानं वर बघितलं. "पंडितजी, पत्रा के हिसाब से तो आप शुद्ध भये. फिर चढ़े काहे?"

मामंजींनी दोन्ही हातांनी फांदी आणखी घट्ट धरली. मग मुखियानं सुतळी कमरेला खोचली आणि भावांना म्हणाला, "चलो. नवाँ दिन पूरा ईमान से कट रहा है." जाताना तो हसत होता, पण मामंजींना दिसू नये म्हणून तोंड फिरवून.

झोपडी राहिली. पण मामंजींना उतरता येईना. आंब्यावरचे लाल मुंगळे धोतरात शिरायला लागले, आणि हात द्यायला तर कुणालाच जाता येत नव्हतं. सासूबाई तासाशी येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"उजवा पाय खाली घ्या."

"घेतला."

"उजवा म्हणतेय मी."

"हा उजवाच."

"जेवता त्या हाताकडचा. हं. आता गाठीवर टेका. खाली बघू नका, माझ्याकडं बघा. आता डावा."

असं घटकाभर चाललं. त्या म्हणतील तो पाय, म्हणतील तिथं. मध्येच "थांबा" म्हणाल्या तर अर्ध्यावर थांबले. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं इतकं ओळीनं ऐकलेलं मी तरी पाहिलं नव्हतं. जमिनीला पाय लागले तेव्हा गुडघे सोलवटलेले होते. मुंगळे झटकत ते घोंगडीवर बसले. माझ्या कडेवरच्या ढुंढूकडं त्यांनी बघितलं.

"अगं," मग हळूच म्हणाले, "दहावा दिवस कधी लागतो?"

"उद्या सूर्य उगवल्यावर," सासूबाई म्हणाल्या. "आजचं पारणं इथंच आणून ठेवते. मागं सरा."

आणि मामंजी मागं सरले.