अध्यक्षांची नात

अण्णाजी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, पण अध्यक्षपदावरून त्यांना कोणी निवृत्त करू शकलं नाही. वर्ध्यात वृक्षारोपण असो की रक्तदान शिबिर, अध्यक्ष अण्णाजीच. विषय माहीत नसला तरी अडायचं नाही. अंगावर शाल पडली की शब्द आपोआप यायचे. फक्त व्यासपीठावर चढताना त्यांची वऱ्हाडी बोली खाली चपलांजवळ राहायची.

घरात त्यांच्याशी वाद घालणारी एकटी त्यांची नोकरी करणारी सून, हर्षा. वाद चार वर्षांच्या वेदश्रीच्या दुधाच्या बाटलीवरून. झोपताना नातीला साखर घातलेल्या दुधाची बाटली द्यायचा हक्क अण्णाजींनी स्वतःकडे ठेवला होता. पोर बाटली तोंडात धरूनच झोपायची.

"मामाजी, गोड दूध रातभर दातांवर राह्यते. किडतात दात," हर्षा म्हणायची. "जेवताना कपानं देऊ न दूध. मंग दात घासून झोपवू."

"अवं, दुधाचेच दात हायेत न? पडूनच जातीन." अण्णाजी हसायचे. "आमच्या लहानपणी कोणाले ब्रश होता?"

अण्णाजींना वरची पूर्ण कवळी होती. पण सासऱ्याच्या कवळीबद्दल सुनेनं बोलू नये, असं हर्षाला माहेरी शिकवलं होतं.

तिचा नवरा सुमीत पुलगावच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा. तो दोघांचंही शांतपणे ऐकून घ्यायचा आणि मोबाइल चार्जिंगला लावायला आत निघून जायचा.

हळूहळू वेदश्रीच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे दिसू लागले. मग ते तपकिरी झाले. हर्षानं दवाखान्याचं नाव काढलं की अण्णाजी म्हणायचे, "लेकराले काऊन भेव दाखवून राह्यली?" आणि दवाखाना पुढच्या आठवड्यावर जायचा.

अशातच वेदश्रीच्या शाळेत मुलांच्या दातांवर कार्यक्रम ठरला. सावंगीच्या दातांच्या दवाखान्यातून ऋचा नावाच्या तरुण दंतवैद्य आल्या. अध्यक्ष कोण, हे सांगायला नको.

"ज्या देशातील बालकांचे दात बळकट, त्या देशाच्या सीमा बळकट!" अण्णाजी गरजले. भाषण संपलं असं समजून पालकांनी टाळ्या वाजवल्या. ते संपलं नव्हतं.

शेवटी माइक डॉक्टरांकडे आला. ब्रश कसा धरायचा हे दाखवायला त्यांना एक मूल हवं होतं.

"आमची नातच घ्या," अण्णाजी म्हणाले. "आदर्श उदाहरण!"

खाली बसलेली हर्षा उठू लागली, पण तोवर वेदश्री स्टेजवर पोचली होती. डॉक्टरांनी तिचा ओठ अलगद वर केला आणि हातातला ब्रश खाली ठेवला.

"दुखतं का गं?"

"थंड पाणी पेलं का दुखते." माइकमुळे सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"मग कोणाला सांगितलंस?"

"आबाले." तिनं अण्णाजींकडे बोट दाखवलं. "आबा म्हणे, बाटली पी, झोप येईन. आई साखर नाई टाकत. आबा टाकते."

हॉल खदखदून हसला. हर्षा हसली नाही. लेकीचे दात दुखतात हे तिला आत्ता, शंभर लोकांबरोबर कळत होतं.

"दुधाचे दात पडतात, हे खरं," डॉक्टर म्हणाल्या. "पण काही दाढा वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत लागतात. कीड खोल गेली तर खालच्या पक्क्या दातालाही त्रास होतो. दुखऱ्या तोंडानं मूल जेवत नाही."

अण्णाजींनी माइक ओढला. "हेच! हेच मला आपल्या निदर्शनास आणून द्यायचं होतं! म्हणूनच मी स्वतःच्या नातीला पुढे केलं." टाळ्या पडल्या. त्यांना हुरूप आला. "आजच्या नोकरदार मातांनी थोडं लक्ष—"

हर्षा स्टेजवर गेली आणि तिनं लेकीला कडेवर घेतलं. "मामाजी, उद्या सकाळी हिले सावंगीले नेऊन राह्यली मी," ती माइकजवळच बोलली. "तुम्ही पण चालजा. अध्यक्ष पाहिजेत न."

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वेदश्रीनं आबांचं बोट धरलं आणि सोडलंच नाही. एक दात काढावा लागला, बाकीच्यांत सिमेंट भरलं. ती रडायला लागली तशी अण्णाजींनी मान भिंतीकडे वळवली. येताना ऑटोत ते एक शब्द बोलले नाहीत.

त्याच दिवशी बाटली गेली. वेदश्रीनं दोन रात्री आकांत केला, तिसऱ्या रात्री मुकाट झोपली. आठवडाभरात अण्णाजींचा आवाज परत आला. आता ते शेजारच्या तरुण आयांना गाठून सांगतात, "झोपताना बाटली? छे! मी तर पहिल्यापासून विरोधात होतो."

हर्षा ऐकते. बोलून पोरीच्या दातांना काय फायदा? उलट एखादी शेजारीण ऐकत नसली की ती तिला मुद्दाम अण्णाजींकडे पाठवते.

"पाहा, बाबा किती बदलले," परवा सुमीत कौतुकानं म्हणाला.

हर्षानं वेदश्रीच्या ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट घेतली आणि तो त्याच्या हातात दिला.

"हो न. आजपासून रोज रात्री तुम्ही घासून देजा. मोबाइल मी लावते चार्जिंगला."