दोन जना

संघरत्नाला राग आला की ती गप्प बसते, हे शहापूरच्या त्या संस्थेच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. पण आज ती गप्प बसली नव्हती.

"सर, स्क्रिप्टमधली अवतरण चिन्हं कोणी काढली?"

इंद्रजीत सरांनी चहाचा घोट घेतला. "मी काढली. काय ती गिचमिड! आणि काढूनही चालतेय की. तपासलीय मी."

तपासलीय! एकाच शब्दाच्या नावावर तपासली आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. संघरत्नाच्या अंगाचा तिळपापड झाला.

संस्था डोळखांबकडच्या पाड्यांतली लग्नगाणी रेकॉर्ड करून ठेवायची. बाई गायची, तिच्या नावाचा फोल्डर व्हायचा. २००४ साल, लिनक्सवर चालणारा एकच कॉम्प्युटर, त्यात जागा तोकडी. बिघडलेली रेकॉर्डिंग उडवायला संघरत्नानेच छोटी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची यादी, लिहिली होती. नको असलेली नावं एकामागून एक पुढे यायची, एकेक करून व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव धरून ठेवणाऱ्या खोक्यात, पडायची, आणि त्या नावाचा फोल्डर पुसला जायचा. व्हेरिएबलच्या दोन्ही बाजूंना अवतरण चिन्हं असली की मधल्या मोकळ्या जागेसकट अख्खं नाव एकच धरलं जातं. ती काढली की मोकळी जागा दिसेल तिथे मशीन नाव तोडतं.

आता पाड्यांत जना काय एकच असते? म्हातारी जना धवलेरी, गाऊन लग्नं लावणारी. तिचा फोल्डर नुसता 'जना'. दुसरी तरणी, तिचा 'जना उंबरमाळी'. तरणीचं रेकॉर्डिंग खरखरत होतं, ते पुसायचं होतं. मशीनने आधी 'जना' पुसलं. मग 'उंबरमाळी' शोधलं, ते कुठे नव्हतंच, तर चूं न करता पुढे गेलं. खरखर जागच्या जागी राहिली आणि म्हातारीचा आवाज गेला. मूळ टेप परत वापरायची म्हणून तिच्यावर केव्हाच दुसरं भरलेलं, आणि म्हातारी भातकापणीच्या आधीच वारली होती.

"मशीन बिघडलं म्हणून सांग," सर म्हणाले. "त्यांना काय कळतंय त्यातलं?"

त्यांना म्हणजे बारकीला. म्हातारीची ही लेक बाहेर पायरीवर सीडी न्यायला बसली होती. परवा तिच्या मुलीचं, रुपाचं लग्न होतं. पाड्यात दुसरी धवलेरी उरली नव्हती, म्हणून आजीचाच आवाज लावून नातीचं लग्न लावायचं ठरलं होतं.

संघरत्ना तडक बाहेर गेली. "मावशे, मशीन नाय बिघडलं. आमी बिघडवलं. दुसऱ्या जनाचं पुसताना तुझ्या आयेचं पुसलं. आता ते नाय मिळायचं."

बारकीने दारातून आतल्या मशीनकडे बोट केलं.

"दोन जना कळल्या नाय त्याला? आमच्या पाड्यात कुत्र्याला बी कळत्यात."

मागून सर आले, हसत. माणसाला लाज नसली की त्याला हसू लवकर येतं. "अहो बाई, एवढं काय त्यात? तुम्हीच गा की! आईचं सगळं तुमच्याकडे असणारच. आत्ताच्या आत्ता रेकॉर्ड करू."

बारकी उठली.

"मी म्हनलं व्हतं आयेला, मला शिकव. तर ती म्हनली, कशाला गो, तू शेताला जा. सायबानं सांगलंय, मशीनमदी गेलं ते आता कंदी मरायचं नाय." तिने पदर खोचला. "तुमीच सांगलं व्हतं ना? मंग परवा माझ्या पोरीचं लगीन कोन लावंल? तुमी गाल?"

सरांनी संघरत्नाकडे पाहिलं, तिने काहीतरी बोलून सोडवावं म्हणून.

"सांगा ना, सर," संघरत्ना म्हणाली. "ती तुम्हाला विचारतेय."