झेंड्याच्या काठीचा ढिला सांधा

जरा जवळ येऊन ऐका. मी दाराआड उभी असते, त्यामुळे माझा आवाज लांब पोचत नाही. मी काठी बोलतेय. म्हातारपणी टेकायची काठी नव्हे आणि कुणाला धाक घालायचीही नव्हे. शहर बघायला आलेल्या लोकांच्या पुढे रुमाल बांधून उंच धरतात ना, ती.

तीन नळ्या एकात एक बसवून मला केलं. ओढलं की लांब, दाबलं की आखूड. कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी एक बाई बसायची. प्रत्येकीला ओढायची, दाबायची आणि पुढे सरकवायची. माझ्या वरच्या सांध्यात जन्मापासूनच खोट होती. मला उंच धरलं की थोड्या वेळाने वरची नळी आपोआप खाली घसरते आणि खट्ट वाजते. बाईच्या ते लक्षात आलंच असतं, पण नेमकं तेव्हाच शेजारणीने तिला मुलीच्या लग्नाचं काय झालं म्हणून विचारलं. बाईचं तोंड तिकडे वळलं आणि मी पास झाले. तेव्हापासून माझ्या जिवाला एकच घोर. आता खट्ट होईल आणि सगळ्यांना कळेल.

खरं तर माझा जन्म जळमटं काढण्यासाठीचा. टोकाला ब्रश लावून मी एका दुकानात टांगलेली होते. शहर दाखवायचं काम करणाऱ्या एका गाइडताईंनी मला घरासाठी नेलं. ब्रश पहिल्याच साफसफाईत तुटला. ताई हळहळल्या, मग मला उलटसुलट करून बघितलं, कपाटातला पोपटी रुमाल टोकाला बांधला आणि दुसऱ्या दिवशी कामावर घेऊन गेल्या. जळमटांच्या तावडीतून मी थेट राजवाड्याच्या दारात!

ताईंचं काम म्हणजे तिसऱ्या प्रहरी पाहुण्यांना जुनं शहर दाखवणं. वेशीपासून सुरुवात, मग घड्याळाचा मनोरा, जुनी टांकसाळ, राजवाडा आणि शेवटी नदीचा धक्का. माणसं किती तऱ्हेची! कुणी मनोऱ्याकडे पाठ करून मनोऱ्याबरोबर फोटो काढतं आणि मनोरा न बघताच पुढे जातं. राजाला राण्या किती होत्या हे सगळे विचारतात, राज्य कसं चालवायचा ते कुणी विचारत नाही. आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "ताई, इथे बाथरूम कुठे?"

ताईंची कामाची एक पद्धत होती. बाकीचे गाइड झेंडा स्वतःच्या हातात ठेवून तरातरा पुढे चालतात. ताई मात्र झेंडा सगळ्यात सावकाश चालणाऱ्या माणसाच्या हाती द्यायच्या. म्हणायच्या, "पळणाऱ्याच्या हातात दिला की मागचे सुटतात. हळू चालणाऱ्याच्या हातात दिला की कुणीच सुटत नाही." मग सगळ्यांना बजावायच्या, "मी दिसले नाही तरी हरकत नाही, झेंडा दिसला पाहिजे. झेंडा चालला की चालायचं, थांबला की थांबायचं. स्वतःचं डोकं वापरायचं नाही." लोक हसायचे आणि मुकाट ऐकायचे.

पण ऐन गर्दीत माझा सांधा घसरायचा आणि पोपटी रुमाल डोक्यांच्या मागे गडप व्हायचा. मागचे कावरेबावरे व्हायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी ताईंनी सांध्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली, घट्ट, फेऱ्यांवर फेरे. खट्ट बंद झालं. मला वाटलं, चला, सुटले एकदाची.

मग एके दिवशी वेशीपाशी एक मुलगी वडिलांना घेऊन आली. मुलगी म्हणजे चाळिशी गाठलेली बाई, पण बाबांचा हात असा धरलेला, की जणू तेच तिचं लेकरू. बाकीचे फोटो काढत होते तेवढ्यात तिने ताईंना बाजूला घेतलं.

"ताई, तुम्हाला एक सांगून ठेवते. बाबांना विसर पडतो. मधेच उठून चालायला लागतात. मागच्या महिन्यात रात्रभर सापडले नाहीत."

"अगं बाई! मग?"

"पहाटे बसस्टँडवर मिळाले. तेव्हापासून दादा मागे लागलाय, बाबांना वृद्धांच्या संस्थेत ठेवू म्हणून. मी पाया पडून थांबवलंय. पण आता पुन्हा एकदा जरी हरवले ना, तर तो ऐकणार नाही. आणि मलाही तोंड उरणार नाही त्याला अडवायला."

"मग इतक्या लांब आणलंत कशाला?"

"त्यांचं सगळं तरुणपण या गावात गेलं हो. दिवाबत्ती खात्यात होते. तेव्हा रस्त्यातल्या प्रत्येक दिव्याच्या खांबावर उंच खटका असायचा. अंधारून आलं की लांब काठी घेऊन निघायचे, एकेक खटका ओढत. दुसरं काही आठवत नाही, पण 'माझे दिवे बघून येऊ' एवढं रोज म्हणतात."

ताईंना भरून आलं. त्या बाबांकडे वळल्या आणि मला त्यांच्या हातात दिलं. "बाबा, आज झेंडा तुमच्याकडे. सगळ्यांनी तुमच्या मागे यायचं." मुलीला म्हणाल्या, "काही काळजी करू नका. शंभर माणसांत झेंडेवालाच तेवढा हरवत नाही. तो सगळ्यांना दिसतो."

मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैलावला. मी मात्र चपापले. कारण बाबांच्या बोटांनी मला ज्या रीतीने पकडलं, तसं आजवर कुणी पकडलं नव्हतं. पाहुणे मला मेणबत्तीसारखं धरतात. बाबांनी एक हात खाली आणि एक वर असा ठेवला, वजन तोललं आणि मान वर करून टोकाकडे पाहिलं. ती झेंडा धरायची पकड नव्हती.

मनोरा झाला, टांकसाळ झाली, सगळं सुरळीत. बाबा शांत चालत होते. राजवाड्याच्या दारात मात्र ज्येष्ठांचं तिकीट ओळखपत्र दाखवल्याशिवाय मिळेना. ओळखपत्र मुलीच्या पर्समध्ये. ती म्हणाली, "बाबा, इथेच थांबा हं. झेंडा वर धरा. मी आलेच." ताई आणि ती खिडकीशी गेल्या. रांग लांबलचक होती.

तेवढ्यात आभाळ भरून आलं. उजेड एकदम मंद झाला. बाबांनी वर पाहिलं, घसा खाकरला आणि चालायला लागले.

आणि काय सांगू, अख्खा जथा त्यांच्या मागे! झेंडा चालला ना, मग चालायचं. मी आतल्या आत ओरडत होते, अहो थांबा, ताई तिकडे आहेत, हा रस्ता राजवाड्यात जात नाही! पण काठीचं कोण ऐकतं? सगळ्यांत पुढे मोठी टोपी घातलेल्या एक मावशी आणि एक कॅमेरेवाला.

पहिला दिव्याचा खांब आला. बाबा थांबले. जथा थांबला. बाबांनी मला खांबाच्या अंगाला लावून वर नेलं, काहीतरी चाचपलं, खाली ओढलं. तिथे खटका कुठला? आता दिवे आपोआप लागतात. बाबा कान देऊन उभे राहिले. काहीच वाजलं नाही.

"लागत नाहीये," ते पुटपुटले.

"काय म्हणाले?" मावशींनी विचारलं.

"जुना खांब असेल, ऐतिहासिक," कॅमेरेवाला म्हणाला आणि त्याने खांबाचा फोटो काढला. मग सगळ्यांनीच काढला.

दुसऱ्या खांबापाशी तेच. तिसऱ्यापाशीही तेच. प्रत्येक ठिकाणी बाबा आधीपेक्षा जास्त वेळ थांबायचे, कपाळावर आठी घालून. आवाज काही येईना, त्यामुळे काम काही संपेना. अस्वस्थपणे त्यांचं नख माझ्या चिकटपट्टीवर फिरायला लागलं. एक टोक सुटलं. मग ते ओढत बसले, एकेक फेरा सोडत. मला घाम फुटायचा बाकी होता. पट्टी गेली तर सांधा घसरेल, झेंडा पडेल, आणि ताईंना आम्ही दिसणार कसे?

गल्ली उताराला लागली. पुढे नदीचा वास येऊ लागला. तेवढ्यात कॅमेरेवाल्याचा फोन वाजला.

"अहो, कुठे आहात तुम्ही सगळे?" ताईंचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"तुमच्या मागेच आहोत की!"

"माझ्या मागे? मी तिकिटाच्या खिडकीपाशी उभी आहे!"

कॅमेरेवाल्याने मान उंचावून पुढे पाहिलं. पुढे फक्त बाबा आणि मी. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मावशी धावत आल्या आणि त्यांनी मला धरलं. "आजोबा, आणा बघू इकडे ती काठी."

"सोडा. ड्यूटीवर आहे मी," बाबा म्हणाले. आवाजात अशी जरब की मावशींचा हात आपसूक सुटला.

फोनवर ताई कळवळून सांगत होत्या, "त्यांच्याशी झटापट करू नका, बिथरतील. मागे राहा फक्त. झेंडा नजरेआड होऊ देऊ नका. आम्ही पळतच येतोय."

आम्ही धक्क्यावर पोचलो. एकेकाळी इथून नावा सुटायच्या. आता तो ओस आहे, टोकाचा कठडा केव्हाच तुटलाय. बाबा थेट टोकाकडे निघाले. त्यांचा शेवटचा दिवा तिथे होता. होता म्हणजे तेव्हा होता. आता तिथे खांब नव्हता, खांबाचा बुंधासुद्धा नव्हता. खाली नुसतं काळं पाणी.

बाबांच्या चपलेचं टोक दगडाच्या कडेबाहेर आलं. त्यांनी मला हवेत वर नेलं आणि चाचपायला लागले. इकडे नाही, तिकडे नाही. जरा पुढे वाकले. वरच्या पायऱ्यांवरून मुलीची हाक आली, "बाबा!" इतकी फाटलेली हाक मी कधी ऐकली नाही. बाबांनी मान वळवली नाही. दिवा लावल्याशिवाय ते वळणार नव्हते, आणि दिवा तर नव्हताच. त्यांनी दुसरं पाऊल उचललं.

त्याच क्षणी पट्टीचा शेवटचा फेरा सुटला. माझी वरची नळी घसरली.

खट्ट.

बाबा थांबले. उचललेलं पाऊल मागे टेकलं. चेहऱ्यावरची आठी हळूहळू मिटली. "लागला," ते म्हणाले. मला बगलेत मारलं आणि पाण्याकडे पाठ करून कामावरून घरी निघाल्यासारखे परत फिरले.

मुलगी समोरून आली, तिने त्यांना धरलं आणि तिथेच मटकन खाली बसली. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "काय गं? दिवे बघायला आलीस?"

ताई ओठ चावत उभ्या होत्या. एवढ्यात मुलीचा फोन वाजला. तिने नाव बघितलं. दादा.

"झाली का ट्रिप? बाबा कुठे आहेत? खरं सांग."

मुलीने मान वर केली. बाबा मला उंच धरून पायऱ्यांकडे निघाले होते. त्यांच्या मागे मावशी, कॅमेरेवाला, सगळा जथा. सवयीने.

"बाबा?" ती म्हणाली. "बाबा पुढे चाललेत, झेंडा घेऊन. सगळे त्यांच्या मागे आहेत."

"म्हणजे नीट आहेत ना?"

"नीट आहेत रे. मी घरी आले की सगळं सांगते."

आणि तिने सांगितलं. धक्क्यासकट सगळं सांगितलं. त्यामुळे दादाचा हट्ट अजून सुटलेला नाही, नुसता लांबणीवर पडलाय. "बघू काही दिवस," एवढंच तो म्हणाला.

निघताना ताईंनी मला बाबांच्या हातातून परत घेतलंच नाही. "राहू दे. मला दुसरी मिळेल," म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा. चिकटपट्टीचा विषय कुणी काढला नाही.

आता मी या घराच्या दाराआड असते. दिवेलागणीला मुलगी कामावरून येते, चप्पलसुद्धा न काढता म्हणते, "चला बाबा, ड्यूटी." एका हातात मी, दुसऱ्या हातात मुलगी, असे ते गल्लीतून फिरतात. प्रत्येक खांबापाशी मला वर नेतात. खट्ट. लागला. पुढचा खांब. गल्ली संपली की शांत होऊन घरी येतात, जेवतात, झोपतात. एकटे कुठे जात नाहीत. ज्या आवाजाची मला जन्मभर लाज वाटली, त्याच्यावर आता एका माणसाची रात्र अवलंबून आहे.

पण घोर काही सुटलेला नाही. परवा दादा आला होता. वाईट माणूस नाही तो, बापासाठी फळं घेऊन आला होता. त्याने मला सहज उचललं, ओढलं, दाबलं आणि म्हणाला, "अरे, हिचा सांधा ढिला झालाय. पुढच्या वेळी पक्कड आणतो आणि घट्ट करून देतो." मुलगी तेव्हा स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं नाही.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. तुम्ही या घरी येता-जाता. माझं तर कुणी ऐकत नाही. तुम्ही तरी तिला सांगा, किंवा दादाच भेटला तर त्याचा हात धरा. म्हणावं, बाकी काहीही कर, या काठीला दुरुस्त करू नकोस.