चिंचेवरची मोरघार

सुतकात देवपूजा बंद होती, पण पहिला घास घेईपर्यंत मौन पाळायचा माझा रोजचा नेम मी सोडला नव्हता. दहाव्याच्या दिवशीही गप्पच होते.

दौलताबादच्या किल्ल्याखाली, तळ्याकाठी ह्यांचा, म्हणजे तात्यासाहेबांचा, पिंड मांडला होता. कावळे मात्र लांब बाभळीवर बसून.

कारण मला दिसत होतं. पिंडाच्या मागच्या चिंचेत मोरघार बसली होती. ही कावळासुद्धा उचलते, हे मला शेतात ह्यांनीच दाखवलेलं. बाकी सगळ्यांच्या नजरा पिंडावर.

"तात्या, आईला सांभाळीन मी," माझा मुलगा गोकुळ हात जोडून म्हणाला.

कावळे हलले नाहीत.

"मळा विकणार नाय."

"आरं, ते नाय," आमच्या वन्सं, द्वारकाबाई, कुजबुजल्या. "पोरीचं बोल. तिच्यातच जीव अडकलाय दादाचा."

करुणा दूर, गाडीपाशी उन्हात उभी होती. मनानं लग्न केलं तेव्हापासून ह्यांनी तिचं नाव घेतलं नव्हतं, आणि गोकुळनं तिला दारात उभं केलं नव्हतं.

गोकुळ अंगठ्यानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "करुणा येत जाईल घरी. तिचा नवरा पण."

तरी काही नाही.

"बघा!" गोकुळला सुटल्यासारखं झालं. "तात्यांनाच मंजूर नाय. गुरुजी, दर्भाचा कावळा करा."

गवताचा कावळा शिवला असता तर दिलेला शब्द तिथंच विरला असता. लेकीचं माहेर कायमचं मिटलं असतं. मी उठले, चिंचेखाली गेले. मोरघारीनं मान वाकडी करून खाली पाहिलं. पिवळा डोळा. हे रागावले की असेच बघायचे, न बोलता.

माझं मौन मोडलं.

"अहो, पुरे आता. उठा. पोरगी उन्हात उभी आहे."

फांदी हलली. ते भलंमोठं पाखरू माझ्या डोक्यावरून गेलं आणि कावळे पिंडावर तुटून पडले.

"दादाच व्हता गं!" द्वारकाबाई रडायला लागल्या. गोकुळचा चेहरा पांढरा पडला होता. तो स्वतः जाऊन करुणाला हाताला धरून घेऊन आला.

मला रडू आलं नाही. अख्ख्या संसारात ह्यांनी माझं एक ऐकलं नव्हतं.

घरी जाताना करुणाला मी गाडीत मधे बसवलं, खिडकीपासून लांब. पुढं रस्त्यावर पंखांची सावली चालली होती, आमच्या घराच्या वळणाला वळत.