व्हॉलीबॉलच्या जाळ्यातली झोप

रीना झोपली. सलग तीन तास, तोंड उघडं टाकून, भर बीचवर.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही ते लिहिलेलं नाही. शनिवारी सकाळी आम्ही बल्लारपूरहून निघालो तेव्हा माझी बायको जागी होती, आणि त्याआधीचे अकरा महिनेही जागीच होती.

अकरा महिन्यांपूर्वी आम्हाला जुळं झालं. मुलगी सोनू, मुलगा झिंगू. सोनू रात्री रडते. झिंगू, सोनू झोपली की रडतो. दोघांनी पाळ्या वाटून घेतल्यात, फक्त यांना साप्ताहिक सुट्टी नाही.

सुरुवातीला गंमत होती. रीना चहात मीठ टाकायची आणि मी तो प्यायचो. तिचा मोबाईल फ्रिजमध्ये सापडायचा, वांग्यांच्या शेजारी. पण गेल्या मंगळवारी तिने सोनूला दोनदा भरवलं आणि झिंगूला एकदाही नाही. तो भुकेने रडत होता आणि ही त्याला समजावत होती की तुझं झालं ना रे, आताच तर झालं. दुपारी घोळ लक्षात आला तेव्हा ती रडली नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "मले आता माझाच भरवसा नाई राह्यला."

त्यावर मला विनोद सुचला नाही. मला सहसा सुचतो.

त्याच आठवड्यात कॉलनीच्या लकी ड्रॉमध्ये आम्हाला पहिलं बक्षीस लागलं: लक्झरी बीच रिसॉर्टमध्ये एक मुक्काम. दुसरं बक्षीस मिक्सर होतं. रीनाला मिक्सर हवा होता.

आता समुद्र चंद्रपूरपासून कोणत्याही बाजूला गेलं तरी रात्रभराच्या गाडीवर आहे. रिसॉर्टवाल्यांनी त्याची वाट न पाहता जंगलातल्या एका मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाच्या, काठावर रेती टाकली आणि नावात 'ओशन' घातलं. आमच्याकडे रेती म्हणजे ताडपत्रीखाली लपून ट्रकातून पळणारी वस्तू. ती अशी उघड्यावर स्वस्थ पडलेली पाहून मीच घाबरून इकडेतिकडे बघितलं. नारळाची झाडं कुंड्यांत होती. मागे सागाचं रान उभं होतं, हसू दाबून.

खोलीतल्या पलंगावर एक आख्खी ग्रामसभा बसली असती. शेजारी बाळांसाठी दोन पांढरेशुभ्र पाळणे. पोरं त्यात ठेवली की ऑपरेशनला न्यायला घेतल्यासारखी किंचाळायची. आमची पोरं फक्त झोळीत झोपतात. रीनाचं माहेर ढिवरांचं, मासेमारांचं; तिच्या वडिलांनी जुनं जाळं दुहेरी करून झोळी बनवून दिली होती. ती घरी राहिली, कारण मी म्हणालो होतो, लक्झरी आहे, झोळी असेलच.

मी रिसेप्शनला झोळी मागितली. कपडे धुवायला टाकायची पिशवी आली. निदान टांगायला खुंटी द्या म्हटलं. सहा हँगर आले.

दीड वाजेपर्यंत रीना दोन खांद्यांवर दोन पोरं घेऊन खोलीत फेऱ्या घालत होती. शेवटी तिने बापाला फोन लावला. माझ्या सासऱ्यांचं, लहानूभाऊंचं, गाव तलावाच्या पाळीपलीकडेच, म्हणजे बांधामागेच. गेटवरच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, म्हणून ते पाण्याच्या कडेकडेने आले. तीस वर्षं याच तलावात जाळं टाकलेल्या माणसाला अडवायला त्या बाजूला गेट लावायचं कोणाला सुचलं नव्हतं.

आल्या आल्या त्यांनी रेतीत ताणलेलं व्हॉलीबॉलचं जाळं पाहिलं. हे कोन वाळत घालून विसरला, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, वाळत नाही घातलेलं, खेळायचं आहे.

"काय अडकते यात?"

"काही नाई. चेंडू वरून जाते."

लग्नाच्या दिवशी माझ्याकडे बघितलं होतं तसंच त्यांनी पुन्हा बघितलं. मग जाळं सोडलं, चौपदरी केलं, एक टोक खांबाला आणि दुसरं मोहाच्या झाडाला बांधलं. आत रीनाची ओढणी अंथरली, पोरं एकाच्या डोक्याशी दुसऱ्याचे पाय अशी ठेवली आणि बाजूला एक दोरी बांधून हलवायला घेतली. पाचव्या हेलकाव्याला सोनू झोपली, नवव्याला झिंगू.

आम्ही रीनाला खोलीत झोपायला पाठवलं. पाच मिनिटांत परत आली. पाठ पलंगावर टेकली होती, पण कान बाहेरच राहिले होते. ती बापाशेजारी रेतीत बसली.

"दोरी सोडशीन तर नाई ना, बाबा?"

"नाई सोडत."

त्यांनी दोरी पायाच्या अंगठ्याला गुंडाळून तिला दाखवली. ती आधी कलली, मग आडवी झाली.

मी उभा राहून बघत होतो. अकरा महिने मीही झोळी हलवली होती. पण दर पाच मिनिटांनी तिला विचारत होतो: झोपले का, दूध गरम करू का, हा कोणता रडतोय? म्हणजे दोरी माझ्या हातात असायची आणि तिचं दुसरं टोक रीनाच्या अंगठ्याला. मला वाटायचं मी मदत करून राह्यलो.

चार वाजता निळ्या गणवेशातल्या स्वातीबाई आल्या. रिसॉर्टचे खेळ त्यांच्याकडे. माहितीपत्रकाच्या मराठीत त्यांनी कळवलं की नागपूरच्या एका कंपनीचे बारा अधिकारी गुडघ्यांना पट्टे बांधून तयार आहेत, तरी जाळं कृपया पूर्ववत करावं. लहानूभाऊंनी मान वर केली नाही. ते जाळ्याच्या सुट्या टोकाचं भोक सांधत होते. दुसऱ्याचं जाळं वापरलं तर एक भोक सांधून द्यायचं, हा त्यांचा नियम.

स्वातीबाई पुढे आल्या आणि त्यांना रीना दिसली. त्यांनी मला विचारलं,

"किती दिवसानं?"

"अकरा महिने."

"मले दीड वर्ष लागलं होतं," त्या हळूच म्हणाल्या, आणि जाऊन अधिकाऱ्यांना सांगितलं की जाळ्याची दुरुस्ती चालू आहे. ते खरंही होतं. अधिकारी जाळ्याशिवाय खेळले. कोण हरलं ते शेवटपर्यंत कोणालाच कळलं नाही, त्यामुळे सगळे खूश होते.

पोरं उठली. आजोबांच्या मांडीवर बसून दोघांनी शांतपणे थोडा बीच खाल्ला. मी तोंडं पुसली आणि खिचडी भरवली. सोनूला एकदा, झिंगूला एकदा. मीठ बरोबर आहे का, हे रीनाला विचारायला तोंड उघडलं होतं. बंद केलं.

पावणेसहाला स्वातीबाई पुन्हा आल्या. आता माहितीपत्रकाची मराठी संपली होती. सूर्य बुडायच्या आत बीच रिकामा करावा लागतो, म्हणाल्या, वाघ पाण्यावर येते, त्याचा टाइम फिक्स हाय. बाईले उठवा. मी विचारलं, सूट मिळत नाही का? लेखी अर्ज करावा लागतो, म्हणाल्या, आणि तोंडावरून वाटलं की आजवर कोणी केलेला नाही. लहानूभाऊंनी अंगठ्याची दोरी अजून सोडली नव्हती. सूर्य सागाच्या शेंड्याला टेकत होता. मी स्वातीबाईंकडून पेन मागून घेतलं.

प्रति,
सक्षम प्राधिकारी

विषय : आजचा सूर्यास्त पुढे ढकलण्याबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, अर्जदाराची पत्नी रीना ही आज दुपारी पावणेतीनपासून तलावाकाठी झोपलेली असून सदर झोप अकरा महिन्यांपासून प्रलंबित होती. तरी ती स्वतःहून जागी होईपर्यंत आजचा सूर्यास्त तहकूब ठेवण्यात यावा, आणि ते शक्य नसल्यास, संबंधित वाघास पाण्यावर येताना पावलांचा आवाज न करण्याबाबत आपल्या स्तरावरून लेखी आदेश द्यावेत, ही नम्र विनंती.